चांदी महागली तरी खाणीतून जास्त का येत नाही

तमिळनाडूत सेलमला चुलत्यांच्या गलाई दुकानात, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या दुकानात, काम शिकून आता विट्यात स्वतःची भट्टी लावलेल्या एका तरुणानं तीन गोष्टी विचारल्यात. भाव एवढा वाढलाय तर खाणवाले जास्त चांदी का काढत नाहीत? सोलरला चांदी लागते म्हणून भाव आता खाली येणारच नाही असं जो तो सांगतोय, ते खरं का? आणि मोडीतून, म्हणजे जुने दागिने गाळून, साठलेला 15 किलो रवा (शुद्ध चांदीचे दाणे) धरून ठेवावा की विकावा? चुलते म्हणतात धर, मेहुणे म्हणतात वीक.

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून तुकडे न पाडता त्यालाच उद्देशून सलग लिहितो. जरा सावकाश वाच.

जगात खाणीतून जेवढी चांदी निघते त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त चांदी ही दुसऱ्याच धातूच्या मागं लागून येते. शिसं-जस्ताच्या खाणी, तांब्याच्या खाणी, सोन्याच्या खाणी. निव्वळ चांदीसाठी चालणारी खाण कमीच. साखर कारखाना मळीसाठी ऊस गाळत नाही. मळीचा भाव दुप्पट झाला म्हणून कोणी जास्त ऊस लावत नाही. चांदीचं तसंच आहे. आपल्या देशातलं उदाहरण घे. राजस्थानातल्या हिंदुस्तान झिंकच्या खाणी शिसं आणि जस्तासाठी चालतात. शिसं शुद्ध करताना त्यातली चांदी वेगळी होते आणि वर्षाला साधारण 700 टन मिळते. भारतातली खाणीची चांदी म्हणजे जवळपास एवढीच. आणि 2024 मध्ये आपण बाहेरून 7 हजार टनांहून जास्त चांदी आणली. आता चांदी कितीही महाग झाली तरी ती कंपनी जस्ताचा बाजार, शिशाचा बाजार, गाळपाची क्षमता बघूनच खाण चालवणार. जस्ताला मागणी नसेल तर चांदीही कमी निघणार, मग तुझा-माझा भाव काही का असेना.

मेक्सिको हा चांदी काढणारा सगळ्यात मोठा देश, त्याच्यामागं चीन आणि पेरू. 2023 मध्ये मेक्सिकोतल्या पेन्यास्किटो या मोठ्या खाणीत कामगारांचा संप झाला आणि जूनपासून सुमारे चार महिने काम बंद राहिलं. ती खाण सोनं, चांदी, शिसं, जस्त असं सगळंच देते. भांडण नफ्यातल्या वाट्याचं होतं, चांदीच्या भावाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण जगाच्या चांदीत तेवढी घट आली. आणि नवी खाण काढायची म्हटली तर शोध, परवाने, रस्ते, पाणी, वीज असं करत दहा-पंधरा वर्षं सहज जातात. म्हणून 2016 च्या आसपास जगाचं उत्पादन 28 हजार टनांच्या घरात होतं, ते पुढं वाढण्याऐवजी घटलं आणि 2024 मध्ये साडेपंचवीस हजारांच्या आसपास राहिलं. भाव या काळात दुपटीच्या जवळ गेला होता, तरीही.

आता मागणीकडं बघ. जगाच्या बाजारात चांदी औंसांत मोजतात, त्याचे टन करून गोल आकडे देतो. 2024 मध्ये जगात सगळी मिळून 36 हजार टनांच्या आसपास चांदी खपली. त्यातली 21 हजार टन कारखान्यांत गेली. दागिन्यांना साडेसहा हजार टन, नाणी आणि विटांना सहा हजारांच्या आसपास, बाकी भांडीकुंडी आणि किरकोळ. म्हणजे आपण पैंजण-जोडव्यांच्या हिशोबानं ज्या धातूकडं बघतो तो निम्म्याहून जास्त कारखान्याचा धातू झालाय. विजेचा सगळ्यात चांगला वाहक चांदी. कुपवाडच्या एमआयडीसीत मोटरच्या पॅनेलमधला कॉन्टॅक्टर उघडलास तर त्याच्या टोकावर जी पांढरी टिकली दिसते ती चांदीच्या मिश्रधातूची असते, कारण ठिणगी पडून पडून तांबं जळतं आणि चिकटतं. फ्रीज आणि एसीच्या नळ्यांचं ब्रेझिंग, गाडीतले रिले, इलेक्ट्रिक गाडीतले विजेचे जोड, सगळीकडं थोडी थोडी चांदी.

खाणीची साडेपंचवीस हजार आणि मोडीतून गाळून आलेली सहा हजार टन अशी बेरीज केली तर पुरवठा साडेएकतीस हजारांवर थांबतो. खप 36 हजारांचा. तूट साडेचार हजार टनांची, आणि ही तूट 2021 पासून दरवर्षी पडतेय. ती भरून कुठून निघते? लंडन आणि न्यूयॉर्कच्या तिजोऱ्यांतून. लंडनच्या तिजोऱ्यांत 2021 च्या मध्याला 36 हजार टनांच्या पुढं चांदी होती, 2025 च्या सुरुवातीला 22 हजारांच्या आसपास उरली. त्यातलीही बरीचशी ईटीएफवाल्यांच्या, म्हणजे शेअर बाजारात चालणाऱ्या चांदीच्या फंडांच्या, नावावर बांधलेली, म्हणजे बाजारात फिरायला मोकळी नाही.

मोकळी चांदी कमी झाली की काय होतं ते 2025 च्या दिवाळीत सगळ्यांनी पाहिलं. अमेरिका चांदीवरही आयात शुल्क लावील या धास्तीनं वर्षाच्या सुरुवातीपासून लंडनमधली चांदी न्यूयॉर्ककडं गेलेली होती. सोनं आवाक्याबाहेर गेल्यामुळं आपल्याकडं धनत्रयोदशीला लोक चांदीवर तुटून पडले. ईटीएफमध्ये पैसा आला, त्यांनाही पैशाच्या बदल्यात खरीखुरी 30 किलोची वीट घेऊन ठेवावीच लागते. लंडनमध्ये चांदी उसनी घेण्याचं व्याज अचानक आभाळाला भिडलं, न्यूयॉर्कहून विमानानं चांदी परत आणावी लागली. आपल्या बाजारात डॉलरचा हिशोब करून जो भाव निघायचा त्याच्या बराच वर प्रीमियम देऊन माल मिळत होता, काही फंडांनी तर चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. जानेवारी 1980 चा औंसाला 50 डॉलरच्या आसपासचा उच्चांक त्या ऑक्टोबरात मोडला आणि भाव 54 डॉलरच्या पुढं गेला. आणि मग दिवाळी सरली, माल पोहोचला, पंधरवड्याच्या आत भाव 48 च्या खाली. ज्यांनी प्रीमियम देऊन घेतलं त्यांना दोन्हीकडून मार बसला, भाव पडला आणि प्रीमियमही उडाला. त्यानंतर वर्षअखेरीला भाव परत उसळून 70 डॉलरच्या आसपास गेला. म्हणजे ऑक्टोबरात घाबरून विकणाराही चुकला. तीन महिन्यांच्या आत हे सगळं. यातून तुला काय घ्यायचं ते मी खाली तिसऱ्या प्रश्नात सांगतो.

सोलरचं नीट समजून घे, कारण अर्धवट ऐकून फार लोक फसतायत. सोलरच्या सेलवर ज्या बारीक रेघा दिसतात त्या चांदीच्या पेस्टनं छापलेल्या असतात. 2024 मध्ये सोलरला 6 हजार टनांच्या वर चांदी लागली. एका वॅटला साधारण 10 मिलिग्रॅम धर. आपल्या भागात मागेल त्याला सौर कृषीपंप म्हणून 5 एचपीचे पंप बसतायत, त्याला 4,800 वॅटची पॅनेलं लागतात. हिशोब कर, जवळपास 48 ग्रॅम होतात. आटपाडी-खानापूरच्या माळावर डाळिंबाच्या बागेत विहिरीच्या कडेला उभ्या असलेल्या त्या पॅनेलांत पाच भार चांदी आहे, एक चांगला पैंजणजोड होईल एवढी. आणि ती वीस-पंचवीस वर्षं तिथून हलणार नाही. पुढं पॅनेल मोडीत निघालं तरी काचेला चिकटलेल्या सेलवरची ती रेघ काढणं आपल्या मूस-भट्टीचं काम नाही, त्याला वेगळा कारखाना लागतो.

इथपर्यंत भाव वाढतच जाणार म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे. पुढची अर्धी गोष्ट ते सांगत नाहीत. चांदी महाग झाली की खाणवाला हलत नाही, पण कारखानदार हलतो. दहा वर्षांपूर्वी एका वॅटला जेवढी चांदी लागायची त्याच्या निम्म्यापेक्षा कमी आज लागते. रेघा बारीक केल्या, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची पेस्ट आणली, काही ठिकाणी सरळ तांबंच. हे एका दिवसात होत नाही. मशीन बदलायचं, पॅनेल पंचवीस वर्षं टिकेल याची चाचणी घ्यायची, यात वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणून भाव चढताना मागणी घट्ट वाटते आणि मग कळेनासं होतं की ती कधी सैल पडली.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही, आपल्याच धंद्यानं पाहिलेलं आहे. फोटोग्राफीला एकेकाळी जगात वर्षाला 6-7 हजार टन चांदी लागायची, म्हणजे आज सोलरला लागते तेवढी. फोटो स्टुडिओचं वापरलेलं हायपो, म्हणजे फोटो धुवायचं रसायन, कॅनमध्ये भरून आपल्याकडं यायचं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथल्या जुन्या एक्स-रे फिल्मचे गठ्ठे वजनावर घेऊन चांदी काढणारी माणसं होती, त्यावर घरं चालायची. एक्स-रे डिजिटल झाला, फोटो मोबाईलमध्ये गेला. आज जगभरात फोटोग्राफीला हजार टनही चांदी लागत नाही. तेव्हाही लोक म्हणायचे, माणूस फोटो काढायचं थांबणार आहे का? माणूस थांबला नाही, उलट कितीतरी पटींनी जास्त फोटो काढायला लागला. चांदी मात्र त्यातून निघून गेली. सोलरमधून ती अशी पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही, मला तसं दिसतही नाही. पण पॅनेलं वाढली म्हणजे चांदी त्याच मापानं वाढली, हा हिशोब धरू नको.

मग भाव वाढल्यावर ताबडतोब बाहेर येणारी चांदी कोणती? मोड. म्हणजे तुझं-माझं काम. खाण उत्तर देत नाही, कारखानदार दोन वर्षांनी देतो, घरातलं जुनं पैंजण आठवड्यात बाहेर येतं. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ इथली माणसं केरळपासून पंजाबपर्यंत प्रत्येक बाजारपेठेत भट्टी लावून बसली आहेत ती याच कामासाठी. जगाच्या पुरवठ्यातला पाचवा हिस्सा जुन्या मालातून येतो आणि आपल्या देशात तो बराचसा आपल्या लोकांच्या हातून जातो. हे काम छोटं समजू नको.

पण मोडीचाही एक स्वभाव आहे. भाव चढायला लागला की पहिल्या टप्प्यात खूप माल येतो, ज्याला पैशाची नड होती तो विकून मोकळा होतो. भाव आणखी चढला की लोक हात आखडतात, अजून वाढेल म्हणून. आणि भाव जरा घसरला की एकदम रांग लागते. यात आता एक नवी गोष्ट आलीय. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 1 एप्रिल 2026 पासून चांदीच्या दागिन्यांवर आणि नाण्यांवरही बँकांना रीतसर कर्ज देता येतं. दागिने 10 किलोपर्यंत, नाणी 500 ग्रॅमपर्यंत. जी बाई पेरणीला पैसे लागले की तोडे-वाळे मोडायची ती उद्या ते गहाण ठेवील. माझ्या अंदाजानं येत्या काही वर्षांत मोडीचा ओघ यामुळं थोडा आटेल. पण कर्ज थकलं की लिलावाचा माल एकदम एका ठिकाणी येईल, त्याच्यावर लक्ष ठेव.

आपल्याकडचा भाव कसा बनतो तेही कागदावर करून बघ, सराफाच्या पाटीवर अवलंबून राहू नको. एका किलोत 32.15 औंस. समजा औंसाचा भाव 50 डॉलर आणि डॉलर 88 रुपये, तर किलोचे 1,41,460 झाले. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं, ते 6 टक्के धरले तर 1,49,950 च्या आसपास. त्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे 1,54,450. आता यात काय हललं की काय होतं ते बघ. औंसाला एक डॉलर वाढला की किलोला 3,100 रुपयांचा फरक. डॉलर एका रुपयानं महागला की 1,750 रुपयांचा फरक, तिकडं चांदी जागची हलली नसली तरी. आणि शुल्क बदललं तर एका भाषणात किलोमागं हजारो रुपये इकडचे तिकडं होतात. त्या जुलैत ज्यांच्याकडं 15 टक्के शुल्क भरलेला माल पडून होता त्यांना विचार. तू काढलेला आकडा आणि बाजारातला भाव यात मोठी तफावत दिसली तर समज, इथं माल कमी आहे किंवा जास्त झालाय. माझ्या मते रोज सकाळी बघण्यासारखा हा सगळ्यात कामाचा आकडा आहे, भाव वर जाणार की खाली हे सांगणाऱ्या दहा मोबाईल संदेशांपेक्षा.

आता तुझा 15 किलो रवा.

चुलत्यांचं म्हणणं मला कळतं. त्यांनी मार्च 2020 मध्ये भाव 12 डॉलरच्या खाली गेलेला पाहिलाय, तेव्हा विकून बसलेल्यांची हळहळ ऐकलीय. पण त्यांनी 2011 सुद्धा पाहिलंय, ते त्यांना आठवून दे. त्या एप्रिलच्या शेवटी भाव 50 डॉलरला टेकला, अमेरिकेतल्या वायदे बाजारानं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी भरायची रक्कम, एकामागून एक वाढवली आणि मेच्या पहिल्या आठवड्यातच भाव 35 च्या आसपास आला. पुन्हा 50 दिसायला चौदा वर्षं गेली. त्याच्याही आधी 27 मार्च 1980 ला अमेरिकेतल्या हंट बंधूंचा चांदीचा प्रचंड साठा कोसळला तेव्हा तर एका दिवसात भाव निम्मा झाला होता. चांदीत हे होतंच, कारण ती बाजारपेठ सोन्याच्या मानानं लहान आहे आणि मोकळा माल त्याहून लहान.

वरच्या 50 डॉलरच्या हिशोबानं तुझे 15 किलो म्हणजे वीस-बावीस लाखांच्या वर रक्कम आहे. गलाईत तुला मिळतं काय? टंचातला, म्हणजे शुद्धतेतला, फरक आणि मजुरी. कुणी 62 टंचाचं पैंजण आणलं, तू टाकणखार घालून गाळलंस, नमुना मशीनवर लावलास, त्या टंचाचे पैसे मोजलेस. मग तेजाबात विरघळवून, निळ्या-हिरव्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडून, राखाडी गाळ खाली बसला की धुऊन, पुन्हा मुशीत घालून रवा काढलास. झाळणातलं जस्त-कॅडमियम उडालं, थोडी घट आली, उरलेल्यात तुझी मिळकत. ही मिळकत किलोमागं जी असेल ती असो, भाव एका दिवसात त्याच्या कितीतरी पट हलतो. म्हणजे 15 किलो धरून बसलास तर तू गलाईचा धंदा करतोच आहेस पण तुझं नफा-नुकसान गलाई ठरवत नाही, लंडन-न्यूयॉर्क ठरवतं.

दुसरी गोष्ट, आणि ती जास्त महत्त्वाची. भाव दुप्पट झाला की तेवढ्याच वजनाची मोड घ्यायला दुप्पट भांडवल लागतं. महिन्याला 20 किलो फिरवणारा माणूस तेवढ्याच पैशात 10 किलोवर येतो. महागाईच्या काळात गलाईवाला उपाशी मरतो तो माल नसल्यामुळं नव्हे, समोर माल असून घ्यायला रोकड नसल्यामुळं. नव्या दुकानाचं तर गिऱ्हाईकच याच्यावर बनतं, की इथं गेलं की टंच सरळ मिळतो आणि पैसे लगेच मिळतात. दोनदा हात हलवत परत पाठवलंस की तो सराफ तिसऱ्यांदा तुझ्याकडं येत नाही.

म्हणून 15 किलोचे दोन भाग कर. जेवढी चांदी तुला आणि घरच्यांना बचत म्हणून खरोखर ठेवायची आहे, दहा वर्षं हात न लावता, तेवढी दुकानाच्या वहीतून काढून घरात ने, रीतसर बिल करून. ती दोन किलो असो की चार. बसून चुलत्यांशी बोलून ठरव. त्यावर भाव काय झाला हे रोज बघायचंही नाही. माझा स्वतःचा कौल असा, की तूट खरी आहे, खाणी लवकर वाढणार नाहीत, म्हणून दीर्घ मुदतीत बचतीला चांदी वाईट नाही. पण वाटेत तिसरा हिस्सा बुडालेला दिसेल आणि तो कधी दिसेल हे कुणाला सांगता येणार नाही.

उरलेला सगळा वीक. एकदम नको, आठ-दहा दिवसांत तीन-चार हप्त्यांनी, म्हणजे एकाच भावात अडकणार नाहीस. आलेले पैसे मोड घ्यायला लाव. आणि इथून पुढं शिस्त एवढीच, की सकाळी जेवढी शुद्ध चांदी मोडीतून घेतली तेवढीच शुद्ध त्याच दिवशी बुलियनवाल्याला, म्हणजे शुद्ध चांदीच्या घाऊक व्यापाऱ्याला, भाव बांधून द्यायची. माल दोन दिवसांनी पोहोचला तरी चालेल, भाव आजच बांध. रिफायनिंगला माल अडकून पडणार असेल तर एमसीएक्स या वायदे बाजारात तेवढ्याच वजनाची विक्री करून ठेवता येते. तिथं मोठा सौदा 30 किलोचा, मिनी 5 किलोचा आणि मायक्रो 1 किलोचा. तुझ्या मापाला मायक्रो पुरे. पण मार्जिनचे पैसे बाजूला असल्याशिवाय त्यात शिरू नको आणि जेवढा माल हातात आहे त्याच्यापेक्षा एक ग्रॅमही जास्त विकू नको.

मोड घेताना अजून एक. भाव वाढला की चोऱ्या वाढतात आणि चोरीचा माल शेवटी कुठल्या तरी भट्टीवर येतो. आपल्या लोकांना परमुलखात याचा फार त्रास झालाय. माल कुणाचा हे माहीत नसताना ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्यात. आणणाऱ्याचं ओळखपत्र, मोबाईल नंबर, दागिन्याचा फोटो, वजन आणि टंच, सगळं गाळायच्या आधी वहीत लिही आणि सही घे. अनोळखी माणूस घाईत असेल, भाव विचारत नसेल, तर घेऊ नको. सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या दागिन्यांनाही सहा अक्षरी ओळख क्रमांकाचं हॉलमार्क सुरू झालंय. सध्या ते ऐच्छिक आहे, पण येणाऱ्या मालावर तो क्रमांक असला तर मुशीत टाकण्याआधी बीआयएसच्या (हॉलमार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ॲपवर तपासून वहीत उतरवून घे.